गच्चीवरचं धुराडं

लाकूड जळल्याचा वास आला की मला गाझियाबादच्या नव्या फ्लॅटमधला पहिला हिवाळा आठवतो. बिल्डरने हॉलच्या भिंतीत विलायती थाटाची शेगडी बांधून दिली होती. "धुराडं थेट गच्चीवर निघतं, मी स्वतः बघितलंय," असं सांगून बाबांच्या ऑफिसातल्या काकांनी आम्हाला त्यांच्या शेजारचा हा फ्लॅट घ्यायला लावला. शेगडी पेटवली की खोलीत धूर कोंडायचा आणि आईचं डोकं ठणकायचं. काका हसून म्हणायचे, "राख रोज काढता ना वहिनी? पुण्याच्या लोकांना सवय नसते." आई बिचारी रोज सकाळी गुडघे टेकून राख खरवडायची. एका संध्याकाळी ती शेगडीपुढेच चक्कर येऊन पडली. तिला उघड्या खिडकीशी बसवून बाबा तडक गच्चीवर गेले. धुराडं होतं, पण नुसतं स्लॅबवर चिकटवलेलं. खाली भोकच नव्हतं. जाब विचारायला ते काकांकडे गेले, मी मागोमाग. काकांच्या भिंतीतही तश्शीच शेगडी होती. तिच्यात मनीप्लांटची कुंडी होती, वेल पार पडद्याच्या दांडीपर्यंत चढलेला, आणि कोपऱ्यात विजेचा हीटर लालभडक तापला होता. आजही कुणी 'मी स्वतः बघितलंय' म्हणालं, की मी आधी त्याच्याच घरी चहाला जाते.