पहिला नंबर असूनही फायनल

आमची मुलगी शारजात युनिव्हर्सिटीत शिकते आणि तिथल्या मुलींच्या फुटबॉल टीमची कॅप्टन आहे. गोलकीपर. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं. त्यानंतर कित्येक महिने अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी तिचा पाय उशीवर घेऊन बर्फ लावत बसायचे. त्यामुळे या सीझनची प्रत्येक मॅच मी जीव मुठीत धरून पाहिली.

सीझन संपला तेव्हा तिची टीम पॉइंट्समध्ये पहिली होती. कॉलेजांच्या त्या लीगचा नियम सरळ होता: ज्यांचे पॉइंट्स जास्त, ते चॅम्पियन. मी देवापुढे साखर ठेवली. पण दुसऱ्या नंबरच्या टीमशी त्यांची मॅच झालीच नव्हती. त्या दिवशी मैदानाचं तळं झालं होतं, नंतर तारीख मिळाली नाही, म्हणून पॉइंट्स निम्मे-निम्मे वाटले गेले. आता ती टीम फायनल मागत होती. आयोजक म्हणाले, पहिली टीम तयार असेल तरच घेऊ.

म्हणजे उत्तर आमच्या मुलीने आणि तिच्या टीमने द्यायचं.

जेवताना नवरा तापला. "सगळा सीझन घाम गाळलात. एका संध्याकाळी नशीब फिरलं, तर ते सगळं पाण्यात? टेबलवर पहिले आहात ना? मग विषय संपला."

"बट बाबा, वी नेव्हर प्लेड देम."

"मग? पाऊस काय तुम्ही पाडलात?"

मीही नवऱ्याचीच री ओढली. पण मला पॉइंट्सचं काही पडलं नव्हतं. आणखी एक मॅच म्हणजे त्या गुडघ्यावर आणखी एकदा झेप. लेकीने माझ्याकडे रोखून पाहिलं. "मम्मा, यू आर थिंकिंग अबाउट माय नी." मी पोळी आणायला उठले.

दुसऱ्या दिवशी टीममध्ये बरीच भांडणं झाली म्हणे. हातातला कप कोण सोडणार? दुपारी मी जबल अली भागातल्या माझ्या ऑफिसमध्ये असताना तिचा फोन आला. "मम्मा, वी सेड येस."

"बरं," म्हटलं, आणि समोरची ईमेल तीनदा वाचूनही डोक्यात शिरली नाही.

फायनल अटीतटीची झाली. दुसऱ्या हाफमध्ये समोरची एक मुलगी बॉल घेऊन एकटीच सुटली. आमची पुढे धावली आणि थेट तिच्या पायांत झेपावली. दोघी कोसळल्या. बॉल आत गेला. पलीकडे जल्लोष सुरू झाला. मला मात्र गवतावर आडवी पडलेली माझी पोरगी तेवढी दिसत होती. नवऱ्याने माझं मनगट घट्ट धरलं.

ती कुशीवर वळली. उठून बसली. गुडघा वाकवला, सरळ केला. मग उभी राहून स्वतःच्याच डिफेन्डर्सवर ओरडायला लागली.

त्या एकाच गोलने लेकीची टीम हरली. टीममधल्या मुली रडत होत्या, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले.

ती धावतच आमच्याकडे आली. डोळे लाल, कोपर खरचटलेलं. मी आधी वाकून गुडघ्याला हात लावला.

"इट्स फाइन, मम्मा. खलास, इनफ." मग ती चक्क मराठीत म्हणाली, "तसाच कप घेतला असता ना, तर सारखं वाटलं असतं, त्या आपल्यापेक्षा चांगल्या असतील का." तिने नाक पुसलं. "आहेत."

आणि हसली. गेले कित्येक दिवस तिचे आवळलेले खांदे मी पाहत होते. ते आता सैल पडले होते. म्हणजे ओझं माझ्या एकटीच्याच डोक्यावर नव्हतं तर.

परतताना ट्रॅफिक नेहमीसारखाच तुंबलेला. नवरा गाडी चालवता चालवता तिला समजावत होता की चॅम्पियन पॉइंट्सवरच ठरायला हवा, एका मॅचमध्ये काय कळतं. मी मागे वळून पाहिलं. सीटवर पाय पसरून, तोंड उघडं टाकून ती गाढ झोपली होती. मी त्याला सांगितलं नाही. बोलू दिलं.