शेपटीला बांधलेली फुलं

झेंडूचा वास आला की मला अजून संताप येतो.

ऐंशीच्या दशकात गंगापूर रोडच्या माळावर एक माणूस दर रविवारी रेडिओवर चालणारं, स्वतः बनवलेलं विमान उडवायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. उडवण्याआधी तो पंखांखाली दोन बोटं धरून ते तोलायचा. शेपटी जरा झुकली तरी उडवायचा नाही. म्हणायचा, "पंख वरून-खालून सारखाच फुगीर आहे, म्हणून हे उलटंही उडतं. पण तोल बिघडला तर सरळसुद्धा उडणार नाही."

पंचवटीतल्या एका मंडळानं पुढाऱ्याच्या सत्काराला त्याला बोलावलं. मीही बघ्यांच्या गर्दीत होतो. त्यांना विमानातून पुष्पवृष्टी हवी होती. "कसरती दाखवतो, फुलं जमणार नाहीत," त्यानं स्पष्ट सांगितलं. विमान तोलून तो रिमोट घ्यायला वळला, आणि त्या दीडशहाण्यांनी झेंडूच्या पाकळ्यांची पिशवी गुपचूप शेपटीखाली बांधली!

विमान उठलं, नाक आभाळाकडे गेलं, क्षणभर थबकलं आणि गरगरत मंडपासमोर कोसळलं. पाकळ्या उधळल्या. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो गुडघ्यांवर बसून पंखाचे तुकडे वेचत होता, आणि मंडळाचा अध्यक्ष माइकवरून ओरडला, "वन्स मोअर!"