धाकलीची मोटार आणि माझी गोधडी

पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी आले, तेव्हा बैलगाडीतून उतरायच्या आधीच मला आमची जुनी मोटार दिसली. गोठ्यातून अंगणात काढलेली, बॉनेट वर केलेलं आणि बाबा कमरेपर्यंत तिच्या पोटात घुसलेले. शेजारी माझी धाकटी बहीण हातात पाना घेऊन उभी. ऐंशी साल जवळ आलं होतं, पण आमच्या दिघोरीकडच्या गावांत तेव्हा पोरीच्या हातात पाना कोणी पाहिला नव्हता. मी एवढं पोट सांभाळत उतरतेय, आणि बाबा मान वर न करता विचारतात, "आली काय वो?" संपलं माझं स्वागत.

आत जाऊन आईला विचारलं, हे काय नवीन खूळ? आई चुलीसमोर. म्हणाली, "धाकलीले मोटार शिकवून राहिले तुये बाबा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. का होऊ नये? मी चौदा वर्षांची असताना शेजारच्या पोराची सायकल घेऊन तलावाच्या पाळीवर गेले होते, तर बाबांनी दंडाला धरून सगळ्या गावातून घरी आणलं होतं. "पोरीच्या जातीले सायकल कायले पायजे?" सातवीनंतर माझी शाळा बंद झाली, आणि पुढं मला उजवून टाकलं. धाकली माझ्याहून पाच वर्षांनी लहान. ती सायकलवर दिघोरीच्या शाळेत जायची, मॅट्रिकला बसणार होती, आणि आता मोटार! मला सायकल नाही आणि हिला मोटार! मी हे मोठ्यानं म्हटलं. आई चुलीत फुंकर घालत राहिली.

ती मोटार बाबांनी धानाला बरा भाव आला त्या वर्षी भंडाऱ्याच्या एका वकिलाकडून घेतली होती. आधी स्वतःच चालवायचे. मग एका डोळ्यात फूल पडलं, दुसऱ्यानंही लांबचं अंधुक दिसू लागलं, आणि मोटार गोठ्यात बैलांशेजारी गेली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. उंदरांनी वायरी खाल्ल्या. आता बाबा हातानं चाचपून चाचपून एकेक भाग सोडवायचे आणि धाकलीला विचारायचे, "पाह्य बरं, याच्यात कचरा हाय काय?" ती डोळा लावून सांगायची. दोघांचं असं काही गुळपीठ जमलं होतं की मी ओसरीवर बसून नुसती धुमसत असे. माझ्याशी बाबा आयुष्यात कधी इतके बोलले नव्हते.

इंजिन काही लवकर सुरू होईना. म्हणून बाबांनी शिकवण्याची वेगळीच तऱ्हा काढली. मोटारीला पुढून दोर बांधायचा, बैल जुंपायचे, गडी कासरा धरून पुढं चालणार आणि धाकली आत बसून नुसतं स्टिअरिंग फिरवणार. पाळीच्या रस्त्यानं ही वरात निघायची. बाबा खिडकीत हात ठेवून बाजूनं चालायचे. "हळू, माय, हळू. बैलाच्या शिंगाकडं नको पाहू, रस्त्याकडं पाह्य." माय! मला त्यांनी कधी माय म्हटलं नाही. बायका धुणं सोडून बघायला यायच्या आणि धाकली आतून राणीसारखी मान डोलवायची.

माझी सासरची मंडळी काय म्हणतील, असं मी एकदा बाबांना सुनावलंसुद्धा. खरं म्हणजे सासरच्यांना काडीचं पडलं नव्हतं. पोट दुखत होतं ते माझं.

मोटारीच्या पुढच्या सीटमधला भुसा कुजून गेला होता. धान कापून चुरणं-मळणं सुरू झालं होतं, खळ्यावर तणसाचे म्हणजे भाताच्या पेंढ्याचे ढीग. बाबांनी ती सीट ताज्या तणसानं ठासून भरली, वरून पोतं शिवलं आणि मोटार रात्री नेहमीच्या जागी गोठ्यात लावली. दार नीट लागत नव्हतंच. सकाळी पाहतो तर धवळ्या बैलानं मुंडकं आत घालून सगळी सीट फस्त केलेली! उरली होती स्प्रिंग आणि पोत्याची चिंधी. मी हसून हसून इतकी बेजार झाले की आई ओरडली, "अवो, पोट सांभाळ!" धाकलीचे डोळे भरले होते. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण माझं सुख दुपारपर्यंतच टिकलं. बाळासाठी आधी नवीन काही घ्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. जुन्या कपड्याची गोधडी तेवढी चालते. बाबांचं मऊ झालेलं धोतर आणि आईची दोन लुगडी घालून मी ती रोज थोडी थोडी शिवत होते. दुपारी डोळा लागला. उठले तर गोधडी नाही! बाहेर येऊन पाहते तर धाकली ती चौपदरी घडी करून मोटारीत घालून वर बसलेली.

"उठ! माझ्या लेकराची आहे ती!"

"थोडा वेळ बसू दे न वो बाई. स्प्रिंगा टोचून राहिल्या. आन् मी बुटकी, रस्ता नाही दिसत मले."

मी गोधडी ओढायला गेले, तर आईनंच माझा हात धरला. "बसू दे तिले," म्हणाली. आईसुद्धा तिच्या बाजूची! त्या दिवशी मी जेवले नाही. कोणी फारसा आग्रहही केला नाही. तेवढ्यातच मोटार हँडल मारल्यावर एकदाची धडधडली होती आणि सगळं घर अंगणात नाचत होतं.

दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रा, लागल्या. मला वाटलं, आता बाबा हिला मोटारीतून मंडईला मिरवायला नेणार. पण बाबा काही तिला मंडईला नेईनात. रोज सकाळी भंडाऱ्याच्या रस्त्यावरच न्यायचे, आणि रोज आदल्या दिवशीपेक्षा थोडं लांब. का, ते मी विचारलं नाही. धाकलीबद्दल काही विचारायचंच नाही, असं मी ठरवलं होतं.

आणि मग एका दुपारी माझ्या कळा सुरू झाल्या. सुईण आली, तिनं हात लावून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "पोर आडवं हाय. माह्या हातचं काम नाही. भंडाऱ्याले न्या."

कोणी धावपळ केली नाही. बाबा उठले, हँडल घेतलं, आणि धाकली मोटारीत जाऊन बसली. माझ्या गोधडीवर. मला आईनं मागं झोपवलं. बाबा पुढं बसले. त्यांना समोरचं दिसत नव्हतं, पण तो रस्ता त्यांच्या अंगात होता. "आता उतार येईन, पाय काढ. आता आंबा दिसला काय? मंग गेर बदल." धाकली "हव" म्हणायची आणि करायची. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव जायचा, आणि मी देवाचं नाव घ्यायचं सोडून ओरडत होते, "उठ माझ्या गोधडीवरून! उठ!"

तेव्हा आई माझ्या कानाशी वाकली. "चूप राह्य वो. तुह्यासाठीच तं शिकली ते. माह्या पहिल्या लेकराच्या वेळी बैलबंडीनं निघालो होतो. भंडारा आलंच नाही. पोटुशीपुढं वाईट बोलू नये, म्हणून तुले कोणं सांगितलं नाही."

माझ्याआधी आईला एक लेकरू होऊन गेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी पदराचा बोळा दातांत धरला. पुढं धाकलीचे हात स्टिअरिंगवर सरळ होते.

दवाखान्यात मला मुलगी झाली. दोघी सुखरूप. घरी आलो तेव्हा लेक त्याच गोधडीत गुंडाळलेली, आणि गोधडीला पेट्रोलचा भपकारा. गाव बघायला लोटलं. कोणाला? ड्रायव्हरला! "एवढीशी पोर, भंडाऱ्यावरी गेली!" बाळंत मी झाले होते, हो! बायका पाळण्यात एक नजर टाकायच्या आणि वळून धाकलीच्या तोंडावरून हात फिरवायच्या. तिचे उपकार मला कळत होते. रात्री तिला जवळ घेऊन मी रडलेही. पण सकाळी पुन्हा बाबा तिला "माय" म्हणाले आणि माझ्या पोटात तीच आग पेटली.

सव्वा महिना होत आला तेव्हा मी बाबांना विचारलंच. "मले काहून नाही शिकवलं तुम्ही? सायकलसुद्धा नाही."

बाबांनी हातातला पाना फडक्यानं पुसला. मग म्हणाले, "सायकलीचं माह्यं चुकलं. पण मोटार तुले शिकवली असती, तं तुले कोणं नेलं असतं?"

पण मी त्यांचीच लेक. म्हटलं, "आन् उद्या धाकलीची पाळी येईन, तं तिले कोण नेईन?"

बाबा उठून गेले. मला वाटलं, रागावले.

सव्वा महिना सरला, न्हाणं झालं, आणि त्याच सकाळी अंगणात घुंगरं वाजली. पाहते तर मोटारीला दोर बांधलेला, पुढं बैल जुंपलेले, आणि बाबा दार धरून उभे. "बस, माय," म्हणाले.

धाकली माझ्या लेकीला त्याच गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन ओसरीवर बसली होती. तिचं तोंड असं काही पडलं होतं की बघत राहावं. तिची मोटार, तिचे बाबा, तिचे बैल! मी पदर खोचला आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"लेकराले तुह्या पदरात घे," मी म्हटलं. "आन् ते गोधडी दे इकडं. मले स्प्रिंगा टोचतीन."