झोपलेलं कार्ड आणि कुरवंड्याच्या फेऱ्या

एकाच बिघाडाचे किती किस्से जमावेत! आमच्या तळेगावच्या ऑफिसात कुणी नवं आलं, की चहाला आम्ही ते सांगायला बसतो, आणि हसता हसता मधेच गप्प होतो.

आमचं काम तसं साधं. डोंगरावरच्या गावांत पाऊस मोजणारी यंत्रं बसवलीत. प्रत्येकाला एक छोटा कॉम्प्युटर. तो आकडे पाठवतो, पाऊस फार झाला की कड्याखालच्या वस्तीला इशारा जातो. या कॉम्प्युटरला अपडेट दिलं, की तो रीबूट होतो, म्हणजे बंद होऊन परत चालू होतो, आणि तिथंच सगळं अडतं! वीज वाचवायला त्याचं नेटवर्क कार्ड झोपी जातं आणि रीबूटनंतर ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमला ते उठवताच येत नाही. कॉम्प्युटर चालू, संपर्क शून्य. उपाय एकच. तिथं जायचं, विजेची वायर उपटायची, थोडं थांबून परत लावायची.

*

पहिल्यांदा हे झालं कुरवंड्याला. यंत्र आबांच्या पडवीत होतं. आबा शेतकरी, घरात ते आणि त्यांची बायको, मावशी, दोघंच. मी आणि आमची इंजिनिअर मंजिरी गाडी काढून धावत गेलो.

आबा दारातच. "बंद कुटं हाय? दिवा तर जळतूय की!"

"आबा, चालू आहे, पण आमच्याशी बोलत नाहीये."

आबांनी हळूच आत चुलीपुढच्या मावशींकडं बघितलं. "आमच्यात बी तसंच हाय!"

*

मंजिरीनं कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवून शेवटी कुणीतरी बोललं.

"मॅडम, एकदा रीस्टार्ट करून बघा."

"अहो, रीस्टार्ट केल्यावरच बंद पडतं!"

"मग रीस्टार्ट करू नका ना."

तिनं फोन इतका सावकाश खाली ठेवला, की मलाच भीती वाटली.

*

मग तिनं कार्डाची झोपच बंद करणारं सेटिंग शोधून काढलं. रीबूटवर रीबूट केले, कार्ड टक्क जागं! ऑफिसात चिक्की वाटली. ती संपायच्या आत सिस्टीमचा नवा कर्नल, म्हणजे तिचा गाभाच, अपडेटमधून आला आणि त्यानं आमचं सेटिंग मानलंच नाही. वलवण गावातलं यंत्र गप्प!

मीटिंग झाली. साहेब म्हणाले, "अपडेट करूच नका." शेजारी बसलेले सिक्युरिटीवाले म्हणाले, "अपडेट केलंच पाहिजे." दोघांनी एकमेकांकडं बघून मान डोलावली आणि मीटिंग संपली!

*

वलवणला त्या दिवशी मी छत्री धरून उभा, मंजिरी चिखलात उकिडवी बसलेली. वायर हातात घेऊन म्हणाली, "एवढं शिकले ते ही काढायला आणि लावायला?"

मी छत्री तिच्यावर आणखी झुकवली.

काही दिवसांनी तिनं राजीनामा दिला. निरोपाच्या वेळी सगळ्यांनी आग्रह केला, दोन शब्द बोल. ती उठली. "आता घरी जाऊन झोपणार आहे. कुणी उठवू नका!"

सगळे हसले. ती नाही हसली.

*

तिच्यानंतर या फेऱ्यांना मी एकटाच उरलो. कुरवंड्याचं काम आबाच फोनवर करायचे. "उपाटली बगा! आता लावू का?" त्यामुळे माझी फेरी वाचायची. मग कुरवंड्याचं यंत्र कितीतरी महिने नीट चाललं. अपडेट झाली, कार्ड जागं राहिलं. मला फोन करायचं कारणच पडलं नाही.

यंदा ऐन पावसात एक अपडेट आलं आणि यंत्र गप्प झालं. वर धो धो पाऊस, खाली वस्ती, आकडा एक नाही. आबांचा फोन बंद. तसाच गाडीवर निघालो, चिंब भिजून पोचलो, पडवीत शिरून आधी वायर उपटली. परत लावली. आकडे यायला लागले तेव्हा कुठं जिवात जीव आला.

मावशी टॉवेल घेऊन आल्या. डोकं पुसत मी विचारलं, "आबा कुठं गेलेत एवढ्या पावसात?"

"आबा मागल्या दिवाळीच्या आधीच गेलं."

मी टॉवेल खाली घेतला. "अहो मावशी, एक फोन तरी करायचा!"

मावशींनी माझ्या हातातला ओला टॉवेल घेतला.

"तवा मशीन चालू हुतं न्हवं."