गौरींच्या गोळ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आईला नाही, दादाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. जीव थाऱ्यावर राहत नाही, एवढंच.

आम्ही तिकडे बंगालात, बेहाल्यात राहायचो. वहिनी लग्न होऊन साताऱ्याहून आली. बंगाली तिला कधी जमलंच नाही. बाजार, दवाखाना — मी सोबत. मूल झालं नाही तिला. आणि एकटी सून, म्हणून गौरींचा सोवळ्यातला स्वयंपाक तिच्याच गळ्यात. पाळी आडवी आली तर? आईचं सोवळं कडक. मग मी शाळेजवळच्या दुकानातून पाळी लांबवायच्या गोळ्या आणून देऊ लागले. आधी गौरींना, मग सत्यनारायणाला, श्राद्धाला, संक्रांतीला... मोठी शहाणी मी! दादाला याचा पत्ता नव्हता.

आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षी वहिनीच्या उजव्या स्तनात गाठ लागली. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला — सगळा पांढरा. म्हणाल्या, मूल झालं नाही, अंगावर पाजलं नाही, की पुष्कळदा स्तन असा दाट राहतो. त्यात गाठ ओळखू येत नाही. हार्मोनच्या गोळ्यांनीही तो घट्ट, गाठाळ होऊ शकतो. ही घेते का काही? घेत असेल तर बंद करून दोन-तीन महिन्यांनी बघू. नाहीतर आत्ताच कापून पाहायला हवं.

प्रश्न वहिनीला होता. तो मराठीत विचारायचा, एवढंच माझं काम. पण पडद्यापलीकडे दादा उभा होता — बंगाली त्याला माझ्याइतकंच येतं. अकरा वर्षं मुलाची वाट पाहणारा माणूस. गोळ्यांचं ऐकून त्याला काय वाटलं असतं? आणि त्या आणल्या कुणी? बहिणीनं? मी म्हटलं, नाही, काही घेत नाही.

“काय विचारलं त्यांनी, वन्सं?”

“वय,” मी म्हणाले.

कापलं. गाठ साधी निघाली. आईनं देवापुढं साखर ठेवली. जखम मात्र चिघळली, महिनोन्‌महिने भरेना. वहिनी येईल-जाईल त्याला सांगायची, वन्सं होत्या म्हणून निभावलं.

मी घाबरले होते, खरंय. पण त्या दिवशी. नंतर काय? नंतर मध्ये पडदा नव्हता, दादा नव्हता. दुपारभर आम्ही दोघीच घरात असायचो.

भाद्रपद आला. गोळ्यांची पट्टी मीच आणली. वहिनीचा उजवा हात अजून आखडलेला होता, म्हणून तिनं डावा पुढं केला. मी पट्टी त्यावर ठेवली.