हिल्केचा पक्का सूर

हिल्के तुंटलरला सूर कुणी शिकवला नाही. ग्रोनिंगनच्या पूर्वेला ती वाढली, त्या गावात गव्हाच्या काडापासून पुठ्ठा बनवायचे कारखाने होते आणि तिचे वडील हार्म त्यातल्याच एकात मशीनवर उभे असत. शाळेत मास्तर पेटी वाजवत होते तेव्हा ही सात वर्षांची पोर खिडकीकडे तोंड करून बसली होती, आणि मास्तर जी पट्टी दाबतील तिचं नाव तिथूनच सांगत होती. मास्तरांना वाटलं, काचेत बघून सांगतेय. त्यांनी तिला बाहेर सायकलींपाशी उभं केलं. तिथूनही एक नाव चुकलं नाही. हिल्केला मात्र यात नवल काय तेच कळेना. गवत हिरवं दिसतं, तसा प्रत्येक सूर आपलं नाव घेऊनच ऐकू येतो, बाकीच्यांना येत नाही की काय?

युद्ध संपलं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. दोन वर्षांनी पेपरात बातमी आली की हिल्वरसमच्या रेडिओला आपल्या समूहगानासाठी माणसं हवी आहेत, महिन्याच्या पगारावर. हार्मनी पेपर दोनदा वाचला.

"गायचा पगार?" ते म्हणाले. "दर महिन्याला? आणि आजारी पडलीस तरी?"

"आजारी पडले तरी, बाबा."

"मग मी इतकी वर्षं पुठ्ठा कशाला करत बसलोय?"

पण परीक्षेच्या दिवशी राईच्या पावाचा डबा बांधून देऊन तेच तिला स्टेशनवर सोडायला आले.

परीक्षा घेणारे रादेमाकर हे वृंदाचे संचालक, उंच, हाडकुळे, बोलायला कमी. त्यांनी तिला बायकांच्या खालच्या आवाजात, ऑल्टोंमध्ये, दुसऱ्या रांगेत जागा दिली. शेजारी कोरी स्मिट होती, अस्सल अ‍ॅम्स्टरडॅमची, आवाज जाड आणि जीभ धारदार. पहिल्याच दिवशी तिने हिल्केच्या कानात सांगितलं, "हे बघ, इथे एकच नियम. तुझा आवाज कुणाला ऐकू आला नाही, तरच तू चांगली गायलीस. ऐकू आला की संपलं. वेगळं गायचं असेल तर ऑपेरात जा, तिथे फुलंही मिळतात."

हिल्केला ते जमलं. साठ माणसं एका गळ्याने गायची, त्यातला एक धागा होऊन राहायला तिला आवडायचं. तेव्हा सगळं थेट जायचं. लाल दिवा लागला की खोकलासुद्धा गिळायचा. दर रविवारी गावाकडे हार्म शेजाऱ्यांना गप्प बसवून रेडिओपुढे खुर्ची ओढत आणि सोमवारी पत्र टाकत: "काल तुझा आवाज अगदी स्पष्ट आला." एकदा तर हिल्के गोवराने अंथरुणाला खिळलेली होती, तरीही पत्र आलं: "काल विशेष छान लागला होता गळा." ते पत्र कोरीने चहाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवलं आणि अख्खी ऑल्टोंची रांग हसून लोळली. हिल्केने वडिलांना खरं कधीच कळवलं नाही.

चौपन्न सालच्या हिवाळ्यात मात्र ती खरोखर ऐकू आली.

त्या रविवारी एका लांबलचक रचनेचं थेट प्रसारण होतं. मधली नऊ मिनिटं साथीशिवाय, नुसता गळा. आणि ती संपता संपता ऑर्गन त्यात मिसळणार. साथ नसली की गाणारे नकळत खाली सरकतात. त्या दिवशी हवा कोंदट, सगळे दमलेले. चौथ्या मिनिटाला हिल्केच्या लक्षात आलं की अख्खा वृंद उतरतोय. सातव्या मिनिटाला तो जवळजवळ अर्धा सूर खाली गेला होता. साठ माणसं मिळून उतरत असल्यामुळे कुणालाच ते जाणवत नव्हतं. तिला मात्र कागदावर एक सूर दिसत होता आणि कानांत दुसराच वाजत होता. ऑर्गन काही उतरणार नव्हता. दोन मिनिटांनी तो आपल्या जागी येणार आणि सगळ्या देशासमोर शोभा होणार.

तिने रादेमाकरांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांना कळलेलं होतं, पण हातांनी साठ जणांना किती वर उचलणार? हिल्केने श्वास घेतला आणि खरा सूर लावला. पूर्ण आवाजात, एकटीने, सगळ्यांच्या विरुद्ध. क्षणभर ते भयंकर वाटलं. कोरीने दचकून तिच्याकडे पाहिलं आणि पुढच्याच ओळीला ती वर आली. मग ऑल्टोंची रांग आली, मग मागचे पुरुष, शेवटी वरच्या आवाजाच्या बायका. ऑर्गन सुरू झाला तो थेट त्यांच्या सुरात मिसळून.

लाल दिवा विझला.

"युफ्राउ तुंटलर," रादेमाकर म्हणाले, "आज तुम्ही ऐकू आलात."

"हो, मेनेर."

"उपकार झाले." त्यांनी कागद गोळा केले. "आता पुन्हा ऐकू येऊ नका."

मंगळवारी वडिलांचं पत्र आलं: "काल तुझा आवाज काही आला नाही. बरी आहेस ना? मध्येच कुणी बाई केवढ्याने ओरडली, तुमच्याकडे तिला कुणी सांगत नाही का?"

त्या दिवसापासून सूर द्यायचं काम तिचंच झालं. रादेमाकरांचा नादकाटा खिशातच राहू लागला; गाणं सुरू व्हायच्या आधी ते तिच्याकडे बघत, ती ओठ मिटून गुणगुणे, आणि सगळे त्यावर उभे राहत. वर्षं गेली. थेट प्रसारणं कमी होऊन टेपा आल्या. रादेमाकर गेले, त्यांच्या जागी दुसरे आले, मग तिसरे. साठाचे अठ्ठेचाळीस झाले. हिल्केने लग्न केलं नाही. एक बागेचा तुकडा होता, त्यात ती बटाटे आणि डेलिया लावायची. कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर ती सांगायची, "रेडिओवर सूर देते."

एक्कावन्नाव्या वर्षी, वसंतातल्या एका सकाळी, ती सरावाच्या खोलीत पियानोजवळ थांबली आणि म्हणाली, "हा कुणी चढवून ठेवलाय?"

पियानो जुळवणारा आला. त्याने तपासलं आणि पियानो ठीक असल्याचं सांगून गेला. पुढच्या आठवड्यात हिल्केने दिलेल्या सुरावर वृंद उभा राहिला तर ऑर्गनवाल्याने हात वर करून थांबवलं. "खाली आहे. अर्धा." सगळे हसले, तिला वाटलं चेष्टाच करतायत. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा कुणी हसलं नाही.

संध्याकाळी कोरीने तिला रिकाम्या खोलीत नेलं, पाठमोरं बसवलं आणि एक एक पट्टी दाबली. हिल्के नावं सांगत गेली. पाचव्या पट्टीनंतर कोरी थांबली.

"किती चुकले?"

"सगळे," कोरी म्हणाली. "सगळे अर्ध्या सुराने. डोक्यातला तुझा पियानो सरकलाय, हिल."

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, असा कान असलेल्यांना पन्नाशीत होतं असं कधी कधी, त्यावर औषध नाही. त्या रात्री हिल्केने राजीनामा लिहिला आणि सकाळी कोरीच्या हातात दिला. कोरीने तो वाचला, घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये टाकला.

"शरदात सगळ्यांची पुन्हा परीक्षा आहे. पडलीस तर मीच नेऊन देईन. तोपर्यंत रोज पाच वाजता इथे यायचं."

"कशाला? मला काही ऐकूच येत नाही खरं."

"अगं, आम्हाला आयुष्यात कधी ऐकू आलंय? सत्तेचाळीस माणसं इथे शेजाऱ्याला धरून गातात. तुला तेवढं शिकायचंय. शेजारी मी आहे, फार काही वाईट नाही."

शिकणं जिवावर आलं. कागद डोळ्यांपुढे आला की डोक्यात जुना सूर वाजायचा, आणि गळा तिकडे धावायचा. मग कोरीने कागदच काढून घेतला. ती एक सूर धरायची आणि म्हणायची, "याच्या वर दोन पायऱ्या. नाव विसर. माझ्यावर उभी राहा." पहिले दोन आठवडे हिल्के घरी जाऊन रडली. तिसऱ्या आठवड्यात चिडली. एकदा तर कोरीला म्हणाली, "तुझा आवाज इतका जाड आहे की त्यावर उभं राहायला जागाच जागा आहे," आणि दोघी इतक्या हसल्या की पहारेकरी दार उघडून बघून गेला.

जूनमध्ये कधीतरी पूर्ण वृंदाबरोबर एक साधं संथ गाणं चाललं होतं. हिल्केला आपण कुठला सूर गातोय ते अजिबात माहीत नव्हतं. तिने नुसतं कोरीला ऐकलं, कोरीच्या पलीकडे मागच्या जाड आवाजांना ऐकलं आणि मधली मोकळी जागा भरली. आणि अचानक तिला सगळं एकत्र ऐकू आलं. अठ्ठावीस वर्षं ती वेगवेगळे सूर मोजत होती, ते जागच्या जागी आहेत की नाही एवढंच बघत होती. ते एकमेकांत मिसळल्यावर काय होतं, हे तिने पहिल्यांदाच ऐकलं. गाणं संपल्यावर ती बसूनच राहिली.

"काय झालं?" कोरीने विचारलं.

"तुम्ही सगळे हे रोज ऐकत होतात?"

"रोज."

"आणि कुणी मला सांगितलं नाही!"

परीक्षा पडद्याआडून होती, गाणाऱ्याचं नाव न सांगता. हिल्के तीन जणींबरोबर गायली आणि पास झाली. नव्या संचालकांनी पडदा सरकल्यावर यादी पाहिली आणि म्हणाले, "दुसऱ्या क्रमांकाच्या बाई कोण? इतकं कान देऊन गाताना मी कुणाला ऐकलं नाही." सूर द्यायचं काम एका तरुण मुलाकडे गेलं, त्याच्या नादकाट्यासकट. हिल्केला वाईट वाटलं, आठवडाभर. मग डेलियाचे कंद काढायचे दिवस आले.

ती आणखी नऊ वर्षं गायली. नव्या येणाऱ्या मुलींना तिच्या शेजारी बसवायची पद्धतच पडली. निवृत्त झाली त्या वर्षी पेपरात पुन्हा चर्चा होती, रेडिओला पगारी गायक कशाला हवेत म्हणून. निरोपाच्या कॉफीला एका मुलीने तिला विचारलं, "राहील का आपला वृंद?"

"पंचेचाळीसपासून दर चार वर्षांनी बंद होतोय," हिल्के म्हणाली. "तू उद्याचे कागद बघितलेस का?"

पुढच्या महिन्यात तिने तिकीट काढलं आणि अ‍ॅम्स्टरडॅमच्या सभागृहात बाराव्या रांगेत जाऊन बसली. सदतीस वर्षं ती वृंदाच्या आतच होती. समोर बसून तिने तो कधी ऐकलाच नव्हता. माणसं रांगेने मंचावर आली, कोरीच्या जागेवर एक सोनेरी केसांची मुलगी होती. पहिला सूर लागला आणि हिल्केने सवयीने एकेक आवाज शोधायचा प्रयत्न केला. एकही सापडला नाही. तिने पर्स मांडीवरून खाली ठेवली, पाठ टेकली आणि ऐकू लागली.