बाबुलालची रबरी मासोळी

सावली तालुक्यातल्या आमच्या गावात मरळ हवी असली की बाबुलालच्या दारी जायचं, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. माणूस तिरसट, पण गळाचा पक्का. कोणाच्या घरी बाळंतीण असो की टाके पडलेली बाई, मरळीचा रस्सा अंगी लागतो म्हणून बाबुलाल न सांगता मासा पोचवायचा. त्याबद्दल आभार मानलेले त्याला आवडत नसत, आणि न मानलेले तर मुळीच खपत नसत.

गेल्या वर्षी त्याच्या चुलतभावाने, अमरने, चक्रीची काठी आणि रबरी मासोळ्या आणल्या, तेव्हापासून बाबुलालच्या पोटात दुखायला लागलं. अमर त्याच्याच हाताखाली शिकलेला. मरळ कुठे दबा धरून बसते, पाण्यावर बुडबुडा कधी येतो, सगळं बाबुलालनेच दाखवलेलं. आता तोच अमर तलावाच्या पाळीवर, बांधावर उभा राहून रबरी मासोळी फेकायचा, चक्री फिरवायचा, मासोळी शेपटी हलवत यायची आणि मरळ तिच्यावर तुटून पडायची. येणारेजाणारे थांबून पाहायचे. बाबुलाल मात्र गळाला बेंडूक लावून उन्हात बसायचा. त्यात माघ उतरला तसा बेंडूकही मिळेनासा झाला.

"रबर खाऊ घालून राह्यला मुक्या जीवाले," तो म्हणायचा. "हे का मासे मारणं होय? हे तर फसवणं झालं."

मग गळाला बेंडूक लावणं म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्याने माझ्याशी अबोला धरला.

अशात त्याची मुलगी साधना बाळंतपणाला माहेरी आली. सिझर झालं. दवाखान्यातून घरी आली ती पोटावरचे टाके सांभाळत. अख्ख्या गावाच्या बाळंतिणींना मरळ पुरवणाऱ्या बापाच्या लेकीच्या ताटात मात्र रोज वरणभात. शेवटी ताराबाईने, त्याच्या बायकोने, विषय काढलाच.

"अमरच्या घरी रोज मरळ येऊन राह्यली. एखादी मांगून आणा ना जी."

"मी मांगू? अमरले?" बाबुलालचा तिळपापड झाला. "माह्या पोरीले माह्या हातचीच मरळ भेटन. नाई तर नाई."

बापाच्या तोऱ्याने बाळंतिणीचं पोट भरत नाही, हे त्याला कोण सांगणार? मी सांगितलं नाही, कारण मला पुन्हा अबोला नको होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मला गाडी काढायला लावली आणि आम्ही चंद्रपूर गाठलं. दुकानात भिंतभर रबरी मासोळ्या टांगलेल्या. दुकानदार भला होता. पाणी गढूळ आहे की नितळ, तलावात वेली किती, असं विचारत होता. बाबुलालचं एकच म्हणणं, "अमरजवळ हाये तिच्याहून मोठी दाखवा." आता अमर कोण, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! बाबुलालने चांदीसारखी लखलखणारी वीतभर मासोळी निवडली. दुकानदाराने बोटाएवढी, मऊ, मातकट रंगाची एक पुढे केली. हिचा गळ पोटात लपतो, वेलीत अडकत नाही, म्हणाला. बाबुलालने ती दाबून पाहिली.

"ही तर अमरच्यासारखीच हाये," म्हणून त्याने तोंड वाकडं केलं. मी ती गुपचूप नव्या चक्रीच्या काठीसोबत बांधून घेतली.

पुढच्या सकाळी तो मला घेऊन तलावाच्या पलीकडच्या काठाला गेला, बेशरमाच्या झुडपांआड, कोणी पाहू नये म्हणून. चांदीची मासोळी पहिल्याच फेकीला शिंगाड्याच्या वेलीत गुंतली आणि तंगुसाची दोरी तोडून तिथेच राहिली. मग मुकाट्याने त्याने मातकट मासोळी बांधली. थोड्याच वेळात पाणी फुटलं. मरळीने मासोळी धरली, आणि बाबुलालने जन्मभर केलं तेच केलं. ढील दिली.

बेंडूक धरलेली मरळ आधी तळाला जाते, निवांत गिळते, आणि मग झटका द्यायचा असतो. पण रबर कोण गिळेल? मरळीने चावून पाहिलं आणि थुंकून टाकलं. पुढची आली, तिलाही ढील. तीही गेली. हाताला समजावणं कठीण असतं.

दुपारी रिकाम्या हाताने घरी आलो तर दारातच मरळीच्या रश्शाचा वास. साधना जेवत होती.

"अमर देऊन गेला," ताराबाई घाईघाईने म्हणाली. "मी नाई मांगतली."

"बाबा, अमरकाका म्हणे का रबराले ढील नाई द्याची," साधना म्हणाली. "तोंड लागलं का लगेच झटका."

म्हणजे अमरने पाहिलं होतं. मरळी गेल्या त्यापेक्षा हे बाबुलालच्या जास्त जिव्हारी लागलं. तो त्या दिवशी जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ढील दिली नाही. हातभर मरळ काठावर आली. पाळीवरून घर हाकेच्या अंतरावर, पण हा गडी मरळ हातात लोंबकळत ठेवून अख्ख्या गावाला वळसा घालून अमरच्या दारावरून निघाला. अमर ओट्यावर जाळं विणत बसला होता.

"भेटली का, भाऊ?"

"भेटली. बेंडकावर भेटली."

मरळीच्या जबड्यातून मातकट रबरी शेपटी बाहेर लोंबत होती. अमरने ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "बेंडूक चांगला होता, भाऊ," एवढंच म्हणून त्याने मान जाळ्यात घातली. हसला असता तरी चाललं असतं. हसला नाही.

"पाह्यलं?" चार पावलं पुढे गेल्यावर बाबुलाल मला म्हणाला. "कसा जळला!"

घरी साधनाने मरळीच्या तोंडातली मासोळी काढून खिडकीत ठेवली. रस्सा झाला. बाबुलाल तिच्या ताटासमोरच येऊन बसला. तिने पहिला घास घेतला, दुसरा घेतला. त्याला दम निघेना.

"कालच्यापेक्षा गोड हाये ना वो?"

"तशीच लागते, बाबा," साधना म्हणाली. "तलाव तर एकच हाये ना."

बाबुलालने तिच्या ताटातली एक फोड उचलली आणि तोंडात टाकली. डोळे मिटून तो ती बराच वेळ चघळत राहिला.